पळवलेलं गाणं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. खांद्याला अडकवून न्यायच्या जातीचा नव्हे. दोन मोठ्या स्पूलांचा, पोलादी अंगाचा, उचलायला दोन माणसं लागणारा. एका स्पूलवरची तपकिरी टेप दुसऱ्या स्पूलवर जाते आणि जाता जाता माझ्या हेडला अंग घासते. तेवढ्या घासण्यातून मी आवाज उमटवतो आणि ऐकवतो. सगळा जन्म असा फिरण्यात गेल्यामुळे स्वस्थ बसणं म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही. कापडाखाली झाकून ठेवलं, वायर काढून घेतली, तरी आत कुठेतरी चुळबूळ चालूच राहते.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबच लांब टेबलं, टेबलांवर खाली वाकलेले दिवे आणि दिव्यांखाली बायकांची चपळ बोटं. त्या बोटांनी माझ्या आतली तार गुंडाळली, चाकं बसवली, पट्टा चढवला. मला तपासायला जी बाई बसली होती, तिला मायक्रोफोनपुढे काहीतरी बोलून पाहायचं होतं. पण तोंड उघडलं आणि तिला शिंकच आली. माझ्यावर उमटलेला पहिला आवाज म्हणजे ती शिंक. तिनं ती परत वाजवून ऐकली, स्वतःशीच हसली आणि माझ्या कपाळावर ‘उत्तम’ची चिकटपट्टी लावली. मोठ्या कौतुकानं मी जगात आलो, असं म्हणायला हरकत नाही.

मला विकत घेतलं ते एका तरुण रेकॉर्डिस्टनं. गाणी, नाटकं, जाहिराती मुद्रित करायची त्याला हौस होती आणि त्यासाठी त्यानं एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. खाली गाद्यांचं गोदाम होतं. “गाद्यांपेक्षा शांत शेजारी शोधून सापडायचा नाही,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. भिंतींना त्यानं जाड पडदे लावले, दाराच्या फटीत कापूस कोंबला, आणि मला खिडकीपासून लांब, मजबूत टेबलावर बसवलं. रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं तो माझं हेड पुसायचा. स्वतः दात घासायला एखादे वेळी विसरला असेल, पण माझं हेड पुसायला कधी विसरला नाही.

त्या काळात मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! साबणाच्या जाहिराती ऐकल्या. नाटकातल्या राजाला खोकल्याची उबळ आलेली ऐकली. एक म्हातारे वकील आपल्या नातवंडांसाठी स्वतःचं चरित्र सांगायला येत आणि दर वेळी शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत पोचून झोपी जात. लोक माझी तारीफ करत. “यंत्र आहे की कान आहे!” असं कुणी म्हटलं की रेकॉर्डिस्ट माझ्या पाठीवर थाप मारी.

त्या रेकॉर्डिस्टला एक धाकटी बहीण होती. धाकटी असली तरी तो तिला कौतुकानं ‘ताई’च म्हणे. ती बस स्थानकावर घोषणा करायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते आहे, ते ती इतकं संथपणे आणि गोड सांगे, की तिची घोषणा संपेपर्यंत गाडी पुढचं गाव गाठते, अशी लोक थट्टा करत. पण तिनं सांगितलेली गाडी कुणाची चुकली मात्र नाही. ती स्वतः गाणी रचायची आणि स्वतःच गुणगुणायची. भावाच्या मनात फार होतं, की तिचं एक तरी गाणं आपण नीट मुद्रित करावं.

एका दुपारी ते ठरलं. दोन वादक येणार होते, पण एकाचा हात मुरगळला आणि दुसरा त्याला घेऊन दवाखान्यात गेला. बहीण रजा टाकून आलेली. भाऊ म्हणाला, “तू नुसतं गाऊन घे. वाद्यं मागाहून भरू.” मग ती डोळे मिटून मायक्रोफोनपुढे उभी राहिली आणि गायली.

*सावकाश ये, दार उघडंच आहे,*
*वाट पाहण्याची मला सवय आहे.*
*दिवा विझला तर विझू दे,*
*पायरी तुझ्या ओळखीची आहे.*

मित्रांनो, मी तोवर पुष्कळ गाणी ऐकली होती. पण त्या दुपारी प्रथमच मला असं वाटलं, की माझी स्पूलं जरा जास्तच जोरात फिरताहेत. ‘उघडंच’ या शब्दावर ती इतकी रेंगाळली, की दार खरंच उघडत गेलं आणि उघडतच राहिलं. ओळीनंतर ती थांबायची, सावकाश श्वास घ्यायची, आणि तो श्वासही मी उमटवून ठेवला.

पुढच्या आठवड्यात वादक आले. त्यांनी टेप ऐकली, वाजवून पाहिलं आणि हात टेकले. “फारच संथ आहे हो. लोक उठून जातील.”

भावानं बहिणीला गळ घातली. “जरा उचल ना लय. ऐकणारा झोपेल अशानं.”

“झोपू दे. निदान घरी तरी राहील,” ती म्हणाली.

सगळे हसले. तिथवर ठीक होतं. पण भाऊ हट्टाला पेटला. माझ्या अंगाला एक दांडी आहे. एका बाजूला संथ वेग, दुसऱ्या बाजूला त्याच्या दुप्पट. भावानं ती दांडी खटकन ओढली आणि तिला तिचंच गाणं पळवून ऐकवलं. दुप्पट वेगानं टेप फिरली की आवाजही वर चढतो, पार चिरका होतो. एखादी चिमणी दाणे टिपता टिपता भांडावी तसं ते गाणं झालं. वादक पोट धरधरून हसले. भाऊही हसला. बहिणीनं आपली पिशवी उचलली, आणि जाता जाता एवढंच म्हणाली, “गाणं माझं आहे दादा, आणि घाई तुझी आहे.”

त्यानंतर ती त्या खोलीत गाण्यासाठी आली नाही. येणं-जाणं तुटलं असंही नाही. लग्नाकार्यात, दुखण्याखुपण्यात दोघं एकमेकांसाठी धावत. पण गाण्याचा विषय निघाला की बहीण भाजी निवडायला घ्यायची आणि भाऊ चष्मा पुसायला. ती टेप एका पत्र्याच्या डब्यात गेली.

वर्षं गेली. खालचे गादीवाले दुसरीकडे निघून गेले आणि गोदामाच्या जागी स्केटिंगचा हॉल झाला. लाकडी जमीन, चारी बाजूंनी कठडा, आणि पायांना चाकं बांधून गरगर फिरणारी माणसं. तो घरघराट जिन्यातून, भिंतींतून, टेबलाच्या पायांतून थेट माझ्या पोटात येऊ लागला. मुद्रणाचा धंदा तिथंच बसला. एखादी बाई हळुवार काही वाचू लागली की खालून धडाम्‌ आवाज यायचा, आणि पाठोपाठ कुणाचं तरी “आई गं!” टेपवर उमटायचं. तशात छोटी नवी यंत्रं आली, मग कॉम्प्युटर आला. मला कोपऱ्यात सरकवलं गेलं. अंगावर कापड आलं, कापडावर जुनी वर्तमानपत्रं आली, वर्तमानपत्रांवर पंखा ठेवला गेला, आणि तोही बंद पडलेला. खाली रात्रंदिवस जग फिरतंय आणि मी, ज्याचा जन्मच फिरण्यासाठी, तो गप्प! मित्रांनो, याहून मोठी शिक्षा यंत्राला नाही.

त्याच सुमारास बहिणीच्या घशात गाठ झाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज गेला. उरला तो खरखरीत, दबका, कागदावर कागद घासल्यासारखा. बोलण्यापुरता पुरे. गाण्यापुरता नाही. म्हणजे आता तिचं गाणं जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, त्या पत्र्याच्या डब्यात. आणि ती टेप वाजवू शकेल असं यंत्र त्या घरात एकच होतं. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता भिंगरीबद्दल सांगतो. भिंगरी म्हणजे रेकॉर्डिस्टची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून आत्यानंच तिचं हे नाव पाडलं आणि पुढे जगानं ते उचललं. चांगली तिशी ओलांडली तरी तिचा पाय जमिनीला टेकला म्हणून नाही. खालच्या हॉलनं बापाचा धंदा बुडवला, आणि लेक त्याच हॉलमध्ये गाणी लावायच्या कामाला लागली! “घरचा भेदी,” बाप म्हणायचा, पण त्याला मनातून बरंच वाटायचं. वरच्या खोलीत तिनं आपला कॉम्प्युटर आणि स्पीकर मांडले होते. जुनी गाणी घ्यायची, त्यांच्याखाली नव्या ठेक्याचा धडाका लावायचा आणि लोकांना नाचवायचं, हे तिचं काम. पण अजून ती दुसऱ्यांनी तयार केलेलीच गाणी लावत असे. हॉलच्या मालकीणबाईंनी एकदा तिला विचारलं, “तुझं स्वतःचं असं काही आहे का गं? असेल तर वाढदिवसाला लावू.” वाढदिवस म्हणजे हॉलचा. त्या संध्याकाळी अख्खं गाव लोटायचं.

झालं! भिंगरीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सगळ्यांना माहीत असलेली गाणी तिला नको होती. शोधता शोधता तिला पत्र्याचा डबा सापडला. वर बापाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘ताई, एकटी.’

तिनं पंखा उचलला, वर्तमानपत्रं उचलली, कापड उचललं आणि मला उजेड दिसला. माझा पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. तिनं तो खरवडून काढला, हात काळे करून घेतले, आणलेला नवा पट्टा सैल निघाला म्हणून मला चार शिव्या घातल्या, दुसरा आणला. मग स्पिरिटचा बोळा माझ्या हेडवरून फिरला. तो थंडगार स्पर्श किती वर्षांनी झाला, काय सांगू!

टेप फिरली. आत्याचा आवाज खोलीत उतरला. आणि मित्रांनो, जी भिंगरी एका जागी ठरत नसे, ती गाणं संपेपर्यंत काळ्या हातांनी तशीच जमिनीवर बसून राहिली.

पण दुसऱ्याच क्षणी ती उठली. तिनं माझ्यातून ते गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं आणि कामाला भिडली. अडचण एकच. तिचा ठेका पळणारा आणि आत्याचं गाणं चालणारं, तेही अधूनमधून थांबून आजूबाजूला बघत चालणारं. ठेक्याच्या प्रत्येक ठोक्याला आत्याचं पाऊल पडायला हवं असेल, तर तिला पळवायलाच हवं. भिंगरीनं तिला पळवलं. आवाज चिरका झाला. मग तिनं कॉम्प्युटरला सांगितलं, की आवाजाची उंची आहे तिथंच ठेव आणि गाणं तेवढं आवळ. त्यानं आवळलं, पण लांब स्वरांचे तुकडे पडले. ‘उघडंच’ म्हणताना आत्या थंडीनं कुडकुडते आहे असं वाटायला लागलं. भिंगरीनं श्वास कापले, थांबे कापले. थोडं आवळलं, थोडं चढू दिलं. वाढदिवस तोंडावर आला होता. “चालून जाईल,” ती स्वतःशी म्हणाली. त्या खोलीतल्या छोट्या स्पीकरवर ते चालूनही जात होतं. मी कोपऱ्यात बसून नुसता तडफडत होतो. मला दांडी आहे, बटणं आहेत, पण बोलायला स्वतःची जीभ नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी तिनं आत्याला मुद्दाम बोलावून कठड्याशी उभं केलं. “तुझ्यासाठी गंमत आहे,” एवढंच सांगितलं. मी वर होतो, पण मला सगळं ऐकू येत होतं. आधी चाकांचा घरघराट. मग ठेका. मग गाणं. मोठ्या हॉलमध्ये, उंच छताखाली, घुमणाऱ्या भिंतींमध्ये तो आवाज पार चिमणीचा झाला. आणि ती चिमणी जिवाच्या आकांतानं पळत पळत ओरडत होती, ‘सावकाश ये! सावकाश ये!’

आधी एक जण हसला. मग सगळा हॉल हसला. चाकं थांबली. पोरंटोरं चिरक्या आवाजात एकमेकांना हाका मारायला लागली, “सावकाश ये! सावकाश ये!” आणि ढकलाढकली करायला लागली. भिंगरीनं घाईघाईनं दुसरं गाणं लावलं. कठड्याकडे पाहिलं, तर आत्या तिथं नव्हती.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आत्याच्या घरी जाऊन आली, ती पडलेल्या चेहऱ्यानं. बाप वाट बघत बसलेला.

“रागावली का?”

“नाही ना. रागावली असती तर बरं झालं असतं. चहा दिला, वर बिस्किटं दिली. म्हणाली, मला हसले म्हणून वाईट नाही वाटलं, पण हसले ते कुणाला, हे मलासुद्धा आधी कळलं नाही. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.” भिंगरीनं नाक पुसलं. “बाबा, तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि मी तेही पळवलं.”

बापानं चष्मा काढला आणि पुसत बसला.

रागाच्या भरात भिंगरीनं कॉम्प्युटरमधलं ते गाणं, त्याचे सगळे तुकडे, सगळं उडवून टाकलं. हॉलच्या मालकीणबाईंचा निरोप आला होता, की पुढच्या रविवारी काही धड लावता आलं तर लाव, नाहीतर आपली तयार गाणी बरी. भिंगरी नुसता ठेकाच घेऊन बसायची. त्याच्यावर काय घालायचं ते तिला सुचत नव्हतं. ठेका आपला चालू राहायचा, रिकाम्या रस्त्यावरून धावणाऱ्या घोड्यासारखा.

अशाच एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. आत्या दारात उभी राहिली. मागून तिचा भाऊ. त्याला काही कळत नव्हतं, तो नुसता बरोबर आला होता.

“टेप कुठं आहे माझी?” आत्यानं विचारलं. तो खरखरीत आवाज मी प्रथमच ऐकला आणि मला क्षणभर ओळख पटली नाही.

“का गं आत्या?”

“पुसायची आहे.”

खोलीत ठेका तेवढा हळू आवाजात चालला होता.

“दादानंच शिकवलं होतं मला,” आत्या म्हणाली. “लाल बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबलं, की आधीचं सगळं पुसलं जातं. बरोबर ना रे?”

“बरोबर,” भाऊ कसाबसा म्हणाला.

मित्रांनो, मी आवाज साठवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पुसतोही मीच. माझ्या हेडशेजारी आणखी एक छोटं हेड आहे, त्याचं कामच ते. तिनं जन्मात एकदाच गायलेलं गाणं माझ्याच हातून जाणार होतं, आणि मला ‘नाही’ म्हणता येणार नव्हतं. दाबलं की करायचं, हा यंत्राचा धर्म.

भिंगरीनं डबा आणला. टेप माझ्यावर चढवली. “तुझं आहे आत्या. तू म्हणशील तसं. पण...”

आत्या माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. तिचं एक बोट लाल बटणावर होतं. मग तिनं ते उचललं. “आधी एकदा ऐकते. पुसायचं ते हेच ना, याची खात्री नको?”

तिनं मला संथ वेगावर चालू केलं.

*सावकाश ये, दार उघडंच आहे...*

गाणं जसं होतं तसं आलं. थांबत, रेंगाळत, श्वास घेत. भिंगरीला एकदम आठवलं, की कॉम्प्युटरवरचा ठेका अजून चालूच आहे. ती दचकून तो बंद करायला धावली.

“थांब,” आत्या म्हणाली. “राहू दे.”

“अगं, त्याची घाई मधे मधे येतेय.”

“येऊ दे की. त्याला घाई आहे. मला कुठंय?”

आणि मित्रांनो, मी काय पाहिलं? आत्याचा पाय हलत होता. गाण्याच्या लयीत, संथ. ठेक्याचे दोन ठोके पडले की तिचं एक पाऊल. दोन ठोके, एक पाऊल. लहान मूल मोठ्या माणसाचा हात धरून चालतं ना, तसं. मोठ्याचं एक पाऊल पडेपर्यंत पोराची दोन होतात, पण दोघं पोचतात बरोबरच.

भिंगरी डोळे विस्फारून त्या पायाकडे बघत राहिली. “आत्या! अगं, तुला पळवायची गरजच नव्हती!”

“हे मी केव्हाची सांगतेय या घरात,” आत्या म्हणाली. भावानं चष्म्याला हात घातला, पण या वेळी काढला नाही.

दुसऱ्या ओळीत मात्र गाडी घसरली. आत्या घड्याळावर गायलीच नव्हती, ती श्वासावर गायली होती. ओळीमागून ओळ तिचं पाऊल ठोक्यापासून जरा जरा सरकत गेलं. भिंगरी परत धावपळीवर आली. “थोडंसं ओढलं तर...”

“ओढायचं नाही.”

“थोडा श्वास कापला तर...”

“श्वास कापलास तर मी जगेन कशी?”

भिंगरी हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग ती खाली बसली, खरोखरच बसली, आणि विचार करू लागली. आधी तिनं स्वतःच्या ठेक्याचा लगाम थोडा खेचला, त्याला आत्याच्या चालीच्या दुपटीवर आणलं. मग ठरवलं, की ओळीच्या आतला एकही स्वर हलवायचा नाही. फक्त प्रत्येक ओळ कुठं सुरू करायची ते ठरवायचं. आणि आत्या श्वास घेईल तिथं ठेक्यानं गप्प बसायचं.

“म्हणजे तो माझ्यासाठी थांबणार?” आत्यानं विचारलं.

“थांबेल. थांबवते ना मी त्याला.”

लाल बटणाचा विषय पुन्हा निघाला नाही. पण गाणं कॉम्प्युटरमध्ये नव्यानं घ्यायला हवं होतं, आणि टेपनं आता दगा द्यायला सुरुवात केली होती. वय तिचंही झालं होतं. हेडवरून जाताना तिची तपकिरी पूड माझ्या अंगावर सांडू लागली. आवाज किंचाळायला लागला की मला थांबवायचं, बोळ्यानं पुसायचं, पुन्हा चालू करायचं. एकेक ओळ अशी काढली. प्रत्येक वेळी मला वाटे, ही शेवटची. माझी चाकं कधी इतक्या भीत भीत फिरली नव्हती.

तीन ओळी झाल्या. शेवटच्या ओळीच्या तोंडाशी टेप तटकन तुटली.

भिंगरी किंचाळली. पण तिचा बाप तोवर पुढे सरसावला होता. टेबलाच्या खणातून त्यानं पातं काढलं, चिकटपट्टी काढली. “ताई, हे टोक धर,” तो म्हणाला. बहिणीनं एक टोक धरलं, त्यानं दुसरं. त्याचा हात कापत होता, म्हणून तिनं आपला मोकळा हात त्याच्या मनगटाखाली धरला.

“तिरकं का कापतोस?” तिनं विचारलं.

“सरळ कापलं तर जोड ऐकू येतो. तिरकं कापलं की एका आवाजातून दुसऱ्यात माणूस हळूच जातो. धक्का नाही बसत.”

“मग हे आधी का नाही सुचलं तुला? इतकी वर्षं?”

भावानं मान वर केली नाही. चिकटपट्टी नखानं घासत तो म्हणाला, “नाही सुचलं खरं.”

“बरं, घास नीट,” बहीण म्हणाली. दोघांची डोकी माझ्यावर इतकी जवळ वाकली होती, की दोघांचेही श्वास मला लागत होते.

जोडलेली टेप फिरली. *पायरी तुझ्या ओळखीची आहे.* शेवटचा स्वर कॉम्प्युटरमध्ये उतरला आणि भिंगरीनं मला थांबवलं.

रविवारी संध्याकाळी आत्या आली, पण हॉलमध्ये गेली नाही. “मी वरच बसते,” म्हणाली. “मला पुन्हा कठड्याशी उभं राहायचं नाही.” भाऊ तिच्या सोबतीला थांबला. वर आम्ही तिघंच होतो, ती, तो आणि मी. खाली चाकं घरघरत होती. कानांनी नाही, तर पायांनीच ऐकायचं आहे, अशा तऱ्हेनं आत्यानं चप्पल काढून पावलं जमिनीवर टेकली होती.

ठेका सुरू झाला. चाकं वेगात आली. मग आत्याचा आवाज आला, तिचा स्वतःचा, भरलेला, न पळवलेला.

आणि चाकांचा आवाज कमी झाला. एकदम कमी झाला. आत्यानं भावाचा हात धरला. “थांबले रे. पुन्हा थांबले.”

मीही तेच समजलो होतो. माझ्यात वीज नव्हती, तरी माझी स्पूलं हलतील की काय असं मला वाटलं. पण हसण्याचा आवाज आला नाही. नीट ऐकलं तेव्हा कळलं, चाकं थांबली नव्हती. माणसं आता पायांनी रेटा देत नव्हती, घसरत होती. ठेक्यावर एक रेटा, आणि मग आत्याच्या स्वरावर लांबच लांब घसरत जाणं. ओळ संपली, आत्यानं श्वास घेतला, ठेका गप्प झाला, आणि त्या गप्प जागेत सगळा हॉल नुसता वाहत होता. सळसळ, एवढाच आवाज. मग पुढची ओळ.

वर खोलीत आत्याचे ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता, पण शब्द सगळे जागच्या जागी होते.

गाणं संपलं. खालून आरोळी उठली, “पुन्हा! पुन्हा!” आणि जिन्यावरून धाडधाड पावलं आली. भिंगरी दारात, धापा टाकत. “आत्या, चल ना खाली! सगळे विचारताहेत, कोण गायलंय म्हणून. लवकर चल!” आणि उत्तराची वाट न बघता ती तशीच धाडधाड परत गेलीसुद्धा.

मित्रांनो, ती टेप आता माझ्यावर चढत नाही. तिनं आपलं काम केलं. भिंगरी अजून अधूनमधून येऊन माझं हेड पुसते, वाजवायला काही नसलं तरी. तुमच्याही घरात, माळ्यावर किंवा पलंगाखाली, एखादा डबा असेल. तो उघडा. धूळ पुसा. आत कुणाचा आवाज निघाला, तर त्याला आपल्या घाईत कोंबू नका. त्याचा एक श्वाससुद्धा कापू नका. तुमची पावलं चपळ आहेत, तर त्याच्या एका पावलाला तुम्ही दोन टाका. आणि हे आजच करा, कारण टेप काही कुणाची वाट बघत नाही. मला स्वस्थता नाही ती यासाठीच. असे किती डबे बंद असतील, या विचारानं माझी चाकं आतल्या आत फिरत राहतात.

त्या संध्याकाळी आत्यानं चप्पल पायात घातली, केस सारखे केले आणि ती उठली. भाऊ सवयीनं लगबगीनं पुढे निघाला, पहिली पायरी उतरला आणि मागे वळून पाहिलं. ती अजून उंबऱ्याशीच होती, एक हात जिन्याच्या कठड्यावर ठेवून. तो थांबला. ती एक पायरी उतरली, मग तो एक पायरी उतरला. खालून सगळे तिला बोलावत होते, आणि ती आपल्या चालीनं, एकेका पायरीवर श्वास घेत, खाली जात राहिली.